मंगळवार, गुरुवार

आमच्या वसाहतीत आज्या नव्हत्या. सुनेला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "आई, आज्या नसलेलं गाव असतं का कुठं?" असतं. अलोरे तसं होतं. म्हणजे मूळ गावात होत्या, आजूबाजूच्या वाड्यांवर होत्या, काष्टा घातलेल्या, कमरेत वाकलेल्या, दुपारी पडवीत तांदूळ निवडत बसलेल्या. पण कोयना प्रकल्पासाठी सरकारने सह्याद्रीच्या पायथ्याला जी वसाहत उभी केली, तिच्यात एकही म्हातारी नव्हती. सत्तरचं दशक सरता सरता मी लग्न होऊन इथे आले. कोळकेवाडीचं धरण तेव्हा नवं होतं. तिसऱ्या टप्प्याच्या वीजघरातले 80 मेगावॉटचे चार संच नुकते कामाला लागले होते आणि त्यांच्याबरोबर आमचे हेही. ऑपरेटरची नोकरी, तीन पाळ्या, दोन खोल्यांचं क्वार्टर.

शेजार सगळा नोकरीने गोळा केलेला. कुणी साताऱ्याकडचे, कुणी सांगली-कोल्हापूरचे, कुणी थेट मराठवाड्यातून आलेले. मी कऱ्हाडकडची. गावातल्या बायकांच्या हिशेबी आम्ही सगळ्याच घाटी. आणि सगळ्याच तिशीच्या आतल्या. पांढरे केस असलेलं माणूस दिसलं तर ते साहेब असायचं किंवा पाहुणा. म्हातारी माणसं ज्याच्या त्याच्या गावी राहिली होती, कारण गावी शेत होतं, म्हैस होती, कुलदैवताचा दिवा होता, आणि इकडे दोन खोल्यांत त्यांनी करायचं काय, हाही प्रश्न होताच.

त्या यायच्या मे महिन्यात, नाहीतर बाळंतपणाला. कुंभार्ली घाट उतरून एसटीने. हेळवाक सुटलं की वळणं सुरू व्हायची आणि माझी आई खिडकीच्या गजाला डोकं टेकून डोळे मिटून घ्यायची. लेकीकडे निघालेली भोपळ्यातली म्हातारी मी पुढे मुलाला सांगितली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे भोपळा लाल रंगाचा होता, त्याला दोन दारं होती आणि आत कंडक्टर होता. गोष्टीतल्यासारखाच जंगलातला रस्ता आणि गोष्टीतल्यासारखंच लेकीचं घर. फरक एवढाच की माझी आई इथे येऊन कधी लठ्ठ झाली नाही. आल्या दिवसापासून कामाला जुंपायची, पंधरा दिवसांत वाळायची आणि पहिला पाऊस पडायच्या आत परत घाट चढायची, कारण पेरणी. अलोऱ्याचा पाऊस तिने कधी पाहिलाच नाही. मी पत्रात लिहायचे की चार महिने कपडे वाळत नाहीत. तिला ते खरं वाटायचं नाही.

तर आमची मुलं आज्यांवाचून वाढली. ह्याचा कुणी फार विचार केला असं मला आठवत नाही. शेजारणी होत्या. एकीचं दूध उतू जात असेल तर दुसरी बंद करायची, एकीला ताप आला तर तिचं पोर तिसरीकडे जेवायचं. महिला मंडळाने बालवाडी काढली होती. पण शेजारीण कितीही चांगली असली तरी तिचं स्वतःचं मूल असतं, तिच्याही घरी पाळीचा माणूस असतो. रिकामा वेळ असलेली बाई आमच्या सगळ्या वसाहतीत एक नव्हती. आज मला वाटतं, आजी म्हणजे मुळात तेच. जिला कुठे जायचं नाही आणि जिचं काही करपत नाही, अशी बाई.

पाळी हा वीजघराच्या माणसाचा देव. पहिली, दुसरी, तिसरी. तिसरी म्हणजे रात्रपाळी. रात्रभर यंत्रांच्या आवाजात जागलेला माणूस सकाळी घरी येतो, चार घास खातो आणि झोपतो. दोन खोल्या. एकीत तो झोपलेला, दुसरीत मी आणि मुलगा. रात्रपाळीच्या आठवड्यात माझं सगळं संगोपन एका कामात मावायचं: मुलाला गप्प ठेवणं. भांडी मी पाण्याखाली धरून घासायची, म्हणजे वाजत नाहीत. दाराला घडी केलेलं फडकं. बाहेर खेळायला पाठवावं तर पाऊस. मुलगा दीड-दोन वर्षांचा असताना चमचा खाली पडला तरी माझ्याकडे बघायचा, मी तोंडावर बोट ठेवायच्या आत स्वतःच बोट ठेवायचा. आम्ही खाणाखुणांनी बोलायचो. भूक, पाणी, शू, चिमणी, सगळ्याला खूण होती. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. प्रत्येक क्वार्टरात तेच चाललेलं असायचं. पावसाच्या दुपारी अख्ख्या रांगेतून फक्त पत्र्यांवरच्या पाण्याचा आवाज यायचा. पत्र्याला मात्र कुणी गप्प बसवू शकलं नाही.

वसाहत भरली तशी ओसरली. 13 मार्च 1999 रोजी कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी लेक टॅपिंग झालं, त्यातून चौथ्या टप्प्याच्या वीजघराला पाणी मिळालं आणि बांधकामाची माणसं पुढच्या धरणांकडे पांगली. निवृत्त झाले ते गावी गेले किंवा पुण्याला मुलांकडे. आमच्या ह्यांनी मात्र वसाहतीबाहेर चार गुंठे घेऊन घर बांधलं. मी कऱ्हाडला जाऊ म्हणत होते. ते म्हणाले, "तिकडं पाऊस नाही पडत." हे कारण कोकणाबाहेरच्या माणसाला पटणार नाही, पण माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

मुलगा चिपळुणात स्थिरावला. खेर्डीच्या एमआयडीसीत नोकरी, बाजारपेठेजवळ तळमजल्यावर भाड्याची जागा. 22 जुलै 2021 च्या पुरात तो तळमजला पाण्याखाली गेला. दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी वरच्या मजल्यावर अडकून पडली, पाणी ओसरल्यावर इकडे आली आणि काही आठवडे इथेच राहिली. चिखल काढायला रोज चिपळुणात, झोपायला अलोऱ्यात. त्यानंतर जागा घेतली ती दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या वर्षी नात झाली.

सून एका पतसंस्थेत आहे. बहुतेक दिवस चिपळुणात, पण मंगळवार आणि गुरुवार तिला शिरगावच्या बाजूला असलेल्या शाखेत यावं लागतं, म्हणजे आमच्या दारावरून. बाकीचे दिवस नातीचं पाळणाघर आणि तिची दुसरी आजी यांच्यात वाटलेले आहेत. हे दोन वार माझे. सकाळची पोफळी गाडी थांबते, दार उघडतं, वरून एक पिशवी येते, मग एक मूल येतं, मग सुनेचा आवाज येतो, "आई, रात्री कमी झोपलीये!" आणि गाडी हलते. कंडक्टर आता इतका सरावला आहे की मूल तोच खाली देतो. संध्याकाळी उलट दिशेने तेच. पोराला हातातून हातात देण्याचा एवढा लहान आणि एवढा बिनचूक समारंभ मी दुसरा पाहिलेला नाही.

माझ्या भिशीतल्या एक बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही फुकटचं पाळणाघर झालात." मी म्हटलं, हो. त्यात लपवण्यासारखं काय आहे? 2017 साली प्रसूती रजेचा कायदा सुधारला, बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी असंही त्यात आलं. सुनेच्या पतसंस्थेत माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मग तिच्या नोकरीखाली आधार कुणाचा, तर दोन म्हाताऱ्यांचा. हे काम आहे. दोन वार संध्याकाळी माझे गुडघे मला ते सांगतात. ते प्रेमापोटी होतं म्हणून काम नाही असं म्हणणारे लोक बहुधा ते करत नसतात.

पण मला ते ठरलेल्या वारांचं बरं वाटतं, आणि हे मी मैत्रिणींना सांगते तेव्हा त्यांना ते थोडं कोरडं वाटतं. नात रोज इथे असती तर मी तिला रागावले असते, टीव्हीपुढे बसवलं असतं, तिच्या आईच्या पद्धतींवर बोलले असते. महिन्यातून एकदा आली असती तर लाडू करून, फोटो काढून, रडून झालं असतं. दोन वार म्हणजे ना पाहुणी ना घरची. बुधवारी मी तिची खेळणी उचलत नाही. ती जिथे टाकून गेली तिथे असतात. गुरुवारी ती येते आणि अर्धवट राहिलेलं काम पुढे चालू करते, सकाळच्या माणसाने रात्रपाळीवाल्याकडून चार्ज घ्यावा तसं.

तर मंगळवार. गाडीतून उतरली की तिला आधी पेज लागते. चिपळूणच्या घरी ती पेज खात नाही, पाळणाघरात खात नाही, फक्त इथे. मी घाटावरची, आमच्याकडे पेज आजाऱ्याला. पण इथे येऊन मी नाचणीची आंबील शिकले, कुळथाची पिठी शिकले, तांदळाची भाकरी पाण्याच्या हाताने थापायला शिकले. सासूने यातलं काही शिकवलं नाही, शेजारच्या वाडीवरून दूध घालायला येणाऱ्या बाईने शिकवलं. नातीला वाटतं हे आपल्या आजीचं परंपरेचं खाणं. वाटू दे.

मग आम्ही बाहेर पडतो. तिचा रस्ता ठरलेला आहे आणि तो जुन्या वसाहतीतून जातो. अर्ध्याहून जास्त क्वार्टरं बंद. काहींचे पत्रे उडालेत, दारं गेलीत, आतून रानमोडी उगवलेली. भिंतींवर अजून जुने नंबर वाचता येतात. ती मला प्रत्येक दारापाशी विचारते, इथे कोण राहतं? मी सांगते. इथे पाटीलकाका राहायचे, त्यांच्याकडे पेटी होती. इथे एक मावशी राहायच्या, त्यांचं मांजर आपल्याकडे जेवायचं. ती हे सगळं वर्तमानकाळात ऐकते. पुढच्या खेपेला तीच मला सांगते, "इथे मांजल जेवतं."

एका पावसाळी गुरुवारी मी तिला चिऊ-काऊची गोष्ट सांगत होते. कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं, तो चिमणीच्या दाराशी भिजत उभा, आणि चिमणी आतून बाळाचं एकेक काम सांगत दार उघडायचं टाळते आहे. ही गोष्ट मी लहानपणी ऐकली, मुलाला सांगितली, कधी अडखळले नाही. नातीने कावळ्याला फार वेळ उभा ठेवला नाही. म्हणाली, "तो जाईल पातीलकाकांकडे. तिकडे दालच नाहीये." मला पुढे काही सांगता येईना. त्यानंतर आमच्या गोष्टीतला कावळा बी टाइप क्वार्टरात राहतो, तिथे पेटी वाजवतो, आणि चिमणीचं बाळ आंघोळ, पावडर, काजळ सगळं आटोपून संध्याकाळी त्याच्याकडे खेळायला जातं.

वाटेवर पुढे वीजघरातून सुटलेल्या पाण्याचा, म्हणजे अवजलाचा कालवा लागतो. कालव्याकडे आम्ही लांबून बघतो, पुलावरून, कठड्याला धरून, माझा एक हात तिच्या फ्रॉकच्या पट्ट्यात. हे पाणी वरवर शांत दिसतं आणि शांत नसतं. वीजघर चालू झालं की काही वेळात ते चढतं. सकाळी आणि संध्याकाळी राज्याची विजेची मागणी वाढते, कोयनेचे संच फिरायला लागतात, की इकडे पाणी फुगतं. मुंबईतल्या लोकांनी गिझर लावले की अलोऱ्यात कालवा भरतो, असं आमचे हे म्हणायचे, आणि नोकरीभर त्यांनी हा एकच विनोद केला.

ती विचारते, पाणी कुठून येतं? आता हे सोपं नाही. हे पाणी महाबळेश्वराकडच्या डोंगरात पडलेलं. त्याच्या मनाने चाललं असतं तर ते कऱ्हाडला, माझ्या माहेरी, कृष्णेला मिळालं असतं आणि पूर्वेकडे पार बंगालच्या उपसागराला गेलं असतं. माणसाने ते शिवसागरात अडवलं, सह्याद्रीला भोक पाडून पश्चिमेला वळवलं. पोफळीला डोंगराच्या पोटात त्याच्याकडून एकदा वीज काढून घेतली, कोळकेवाडीला पुन्हा अडवलं, अलोऱ्यात आणखी एकदा वीज काढली, आणि मग मोकळं सोडलं. कृष्णा पाणीतंट्याच्या लवादाने कोयनेसाठी पश्चिमेकडे वळवायला मंजूर केलेलं पाणी वर्षाला 67.5 टीएमसी. घाटाच्या दोन्हीकडच्या राजकारण्यांना हा आकडा पाठ असतो. हे पाणी वाशिष्ठीत पडतं, चिपळुणात बहादूरशेख नाक्याच्या पुलाखालून जातं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. याच्यामुळेच भर मे महिन्यात वाशिष्ठीला पाणी असतं. यातलं मी तिला सांगितलं ते एवढंच, की पाणी वरून डोंगरातून येतं, इथे काम करतं आणि चिपळूणला जातं. ती म्हणाली, "आईसालखं."

इथे मुलाने दिलेल्या एका लेखातली गोष्ट आठवते. टांझानियात एयासी सरोवराच्या काठाला हाडझा नावाचे लोक राहतात, शिकार करून आणि कंदमुळं खणून जगणारे. क्रिस्टन हॉक्स नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी तिथे बसून बघत होते की कोण किती तास काम करतं. त्यांना दिसलं, सगळ्यात चिवटपणे खणतात त्या म्हाताऱ्या. तान्ह्या बाळाची आई बाळात अडकलेली असते, तेव्हा तिच्या थोरल्या मुलाचं वजन वाढतं की नाही हे आजी किती खणते त्यावर ठरतं. त्यावरून त्यांनी नव्वदच्या दशकात मांडलं की बाईचं मूल होण्याचं वय सरल्यावरही माणसाच्या जातीत बाया एवढी वर्षं जगतात, त्याचं कारण कदाचित हेच असावं. सगळ्या शास्त्रज्ञांना ते मान्य नाही म्हणे. मला त्यातला सिद्धान्त फारसा कळला नाही, पण खणणाऱ्या म्हाताऱ्या ओळखीच्या वाटल्या. दिवाळीनंतर आमच्या परसात करांदे निघतात. मी कुदळीने उकरते, नात मातीतून वेचते, मी ते मिठाच्या पाण्यात उकडते आणि आम्ही दोघी पायरीवर बसून सालं काढून खातो. कडू निघाला तर ती तो आजोबांना देते.

आजोबांचं सांगायचं राहिलं. रात्रपाळीच्या आठवड्यात ज्यांच्या झोपेसाठी मी पाण्याखाली भांडी घासली, ते हेच. नोकरीत असताना मुलाच्या वाट्याला ते आले रविवारी, तोही पाळीत असेल तर नाही. आता मंगळवारी सकाळी ते दाढी करून, बटणं लावून, एसटीची वाट बघत फाटकाशी उभे असतात. आणि दुपारी ह्या घरात जे काही चालतं ते मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. पितळी पातेली पालथी घालायची, एक लाकडी उलथनं, एक लाटणं, आणि गणपती आणायचे. कुठलाही महिना असो. ढोल, ताशा, मध्येच आरतीसारखं काहीतरी, मग विसर्जन, मग लगेच दुसरा गणपती. मी एकदा म्हटलं, "अहो, शेजारी झोपले असतील." ते म्हणाले, "कोण? रात्रपाळीला आता कोण आहे इथे?"

मूल दुपारी झोपावं ही पृथ्वीवरच्या सगळ्या आज्यांची इच्छा असते. ती झोपत नाही. पडून राहते, पाय माझ्या पोटावर, आणि छपराकडे बघत बोलते. काय बोलते त्याचा अर्थ लागतोच असं नाही. एकदा ती अशी बडबडत असताना खाट हलली. कपाटातली भांडी किणकिणली, दोन सेकंद, झालं. आम्हाला ह्याची सवय आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला, कोयनानगर जमीनदोस्त झालं, दीडशेच्या वर माणसं गेली. यांच्याबरोबरचे थोरले कामगार त्या रात्रीचं सांगायचे तेव्हा चहाचा कप हातात तसाच राहायचा. तेव्हापासून लहान धक्के येतच असतात. सकाळी भाजीवाल्याकडे बायका एकमेकींना "रात्रीचा जाणवला का?" विचारतात, आणि न जाणवलेलीला जरा कमीपणा वाटतो. नातीचा मात्र तो पहिलाच. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू ढकललंस?" मी म्हटलं, नाही, डोंगराने कूस बदलली. तिला ते पटलं. मला पुढचा अर्धा तास पटलं नाही. मी तिच्या अंगावर हात टाकून पडून होते आणि छताचा पंखा बघत होते.

मुलं घडवणं, संस्कार, वगैरे शब्दांचा मला हल्ली कंटाळा आला आहे. महिला मंडळात दर वर्षी कुणीतरी व्याख्यान देतं, आजी म्हणजे संस्कारांचं विद्यापीठ. मी नातीला शुभंकरोति शिकवली नाही. तिला संध्याकाळी वेळच नसतो, तिची गाडी असते. मी तिला शिकवलेल्या गोष्टी म्हणजे मृगाचा किडा चिरडायचा नाही, कागदावर घ्यायचा. आठळी भाजताना चुलीपासून लांब बसायचं. फणसाला हात लावायच्या आधी तेल. बाकी ती तिचं तिचं बघते. पावसाळ्याच्या सकाळी ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर अगदी माणसासारखी शीळ घालतो, वाट चुकलेल्या पोराने घालावी तशी. ती ओठांचा चंबू करून त्याला उत्तर देते. नुसती हवा निघते. कस्तूर थांबतो. तिला वाटतं, आपलं ऐकण्यासाठी थांबला.

यातलं तिला काही आठवणार नाही. मुलाने हेही मला सांगितलं, थोडं भीत भीत. मोठेपणी माणसाला सगळ्यात जुनं जे आठवतं ते साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातलं असतं, त्याआधीचं बहुधा पुसून जातं. नात अजून त्या रेषेच्या अलीकडे आहे. म्हणजे पेज, एसटीचं दार, पाटीलकाकांचं पेटी वाजवणारं घर, कडू करांदा, सगळं जायचं. मी दोन दिवस या गोष्टीवर खट्टू होते. मग मुलाचं लक्षात आलं.

मुलाला रात्रपाळ्यांचं काहीही आठवत नाही. मी विचारून बघितलं. खुणा आठवत नाहीत, फडकं आठवत नाही, तोंडावरचं बोट आठवत नाही. त्याचं बालपण त्याला आठवतं ते शाळेपासून पुढचं, क्रिकेटचं, कालव्यावर जाऊन मार खाल्ल्याचं. पण तो आजही कपाट बंद करताना दाराच्या फटीत तळहात धरतो, म्हणजे आवाज होत नाही. कप बशीत ठेवताना आधी करंगळी टेकवतो. लग्नानंतर सुनेने मला विचारलं होतं, "आई, हे चोरासारखे का वावरतात घरात?" मी तेव्हा हसले होते, कारण मलाही कळलं नव्हतं. ते वय त्याच्या डोक्यातून गेलं आणि हातांत राहिलं. आता नातीच्या हातांत काय राहणार आहे ते मला दिसायचं नाही. बघायला मी तोवर असेनच असं नाही. पण दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरी गेले की तिने दार लावल्याचा आवाज जिन्याखालपर्यंत येतो, आणि मुलगा दचकतो.

येत्या जूनपासून तिची शाळा. गणवेश आहे, डबा आहे, रिक्षावाले काका आहेत, आणि आठवड्याचे पाच दिवस आहेत. म्हणजे मंगळवार गेला, गुरुवार गेला. गेल्या आठवड्यात सुनेचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, पाऊस, गॅस, हप्ते. मला कळत होतं की विषय येणार आहे. शेवटी म्हणाली, "आई, शनिवार चालेल का तुम्हाला? म्हणजे जमत असेल तर. ती विचारते, पोफळी गाडी कधी."

मी म्हटलं, "दुसऱ्या शनिवारी माझी भिशी असते."

"मग त्या शनिवारी नको."

"नको कशाला? दुपारनंतर आण. तोवर हे आहेत." आणि ह्यांच्याकडे बघितलं, तर ते पातेली शोधायला आत गेलेले.